करून पाहण्याचे विज्ञान : होशंगाबादचा प्रयोग

सहावी ते आठवी या तीन इयत्तांतील मुलांचे वय सर्वसाधारणपणे अकरा ते चौदा वर्षांचे असते. या वयातील मूल ना धड लहान, ना धड मोठे. गोष्टीतल्या राक्षसावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो, परंतु केवळ सूत्रांच्या आधारे विचार करण्याची सवय त्याला अद्याप जडलेली नसते. वस्तू हातात घ्यावी, उघडून पाहावी, प्रसंगी मोडून पाहावी, एकीची दुसरीशी तुलना करावी, याकडे त्याचा स्वाभाविक ओढा असतो. आणि नेमक्या याच वयात आपल्या बहुसंख्य शाळांतून विज्ञान त्याच्यापुढे येते ते व्याख्यांच्या रूपाने. फुलाचे चार भाग कोणते, हे त्याला पाठ असते. पण शाळेच्या कुंपणावर फुललेल्या जास्वंदीत ते चार भाग त्याने कधी मोजलेले नसतात.

ही तक्रार जुनी आहे आणि ती केवळ आपल्या देशातील आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या, तेथील विज्ञान-शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. जे. पी. स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकाने लिहिलेल्या त्या पुस्तकात डबे, बाटल्या, तारा, दोरे अशा टाकाऊ वस्तूंपासून उपकरणे कशी तयार करावीत, याचे मार्गदर्शन होते. पुढे १९५६ साली त्याचेच विस्तृत रूप असलेला ग्रंथ निघाला आणि जगातील अनेक भाषांत गेला. परंतु पुस्तक असणे आणि त्याप्रमाणे एखाद्या खेड्यातील शाळेत रोजचा तास चालणे, या दोहोंमध्ये फार मोठे अंतर असते. ते अंतर प्रत्यक्ष काटून पाहण्याचा आपल्या देशातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रयत्न मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठच्या होशंगाबाद जिल्ह्यात झाला. (२०२२ पासून या जिल्ह्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे, तथापि हा प्रयोग जुन्याच नावाने ओळखला जातो आणि येथेही तेच नाव ठेवले आहे.)

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी राज्य शासनाच्या संमतीने या जिल्ह्यातील सोळा शाळांमध्ये विज्ञान-शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधन करीत असत. त्या संस्थेतील काही शास्त्रज्ञ, दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि अनेक ठिकाणचे महाविद्यालयीन अध्यापक या कार्यक्रमाशी जोडले गेले. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व शासकीय शाळांना लागू झाला. १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाल्यावर कार्यक्रमाची सूत्रे तिच्याकडे आली.

येथे शब्दाविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. हिंदी प्रदेशात 'माध्यमिक शाला' म्हणजे सहावी ते आठवीची शाळा. महाराष्ट्रात 'माध्यमिक' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे हायस्कूल उभे राहते. म्हणून या प्रकरणात 'मधले वर्ग' असाच शब्दप्रयोग केला आहे.

या कार्यक्रमाचे पाठ्यपुस्तक 'बाल वैज्ञानिक' या नावाचे होते. पाठ्यपुस्तक म्हणताना थोडे अडखळायला होते, कारण त्यात पाठ करण्यासारखे फारसे काही नव्हते. काय करावे, कसे करावे आणि काय पाहावे, एवढे त्यात सांगितलेले असे. काय दिसेल, हे मात्र सांगितलेले नसे. उत्तराची जागा कोरी. ती मुलाने आपल्या निरीक्षणाने भरावयाची. वर्गातील मुले चार-चारांच्या टोळ्या करून बसत. प्रत्येक टोळीला साहित्याचा एक संच मिळे. प्रयोग झाल्यावर सर्व टोळ्यांची उत्तरे फळ्यावर मांडली जात आणि मग चर्चा होई. 'टोळी' हा शब्द मराठीत जरा बदनाम आहे. तरीपण 'गट' या शब्दात कामाला लागलेल्या चार मुलांचा जो गलबला आहे तो येत नाही, म्हणून तो तसाच राहू दिला आहे.

या पुस्तकातील एका धड्याचे नाव 'घट-बढ़ और सन्निकटन' असे होते. तो धडा विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. वरवर पाहता विषय अगदी साधा : मोजमाप. समजा, वर्गाची लांबी मोजावयाची आहे. दहा टोळ्यांनी ती तीस सेंटिमीटरच्या पट्टीने मोजली. एका टोळीचे उत्तर ६१२ सेंटिमीटर आले, दुसरीचे ६१५, तिसरीचे ६०९. नेहमीच्या वर्गात अशा वेळी काय घडते, हे सर्वांना ठाऊक आहे. अध्यापक एक आकडा बरोबर ठरवितो, उरलेली मुले आपला आकडा खोडून तो लिहितात, आणि पुढच्या वेळी मोजण्याचे कष्ट न घेता हुशार मुलाच्या वहीत डोकावतात. होशंगाबादच्या पद्धतीत हे दहाही आकडे फळ्यावर राहत. ते वेगवेगळे का आले, याचा शोध हाच त्या दिवसाचा पाठ. कोणी पट्टी उचलून पुढे ठेवताना खूण जाड केली, कोणाची पट्टी किंचित तिरकी गेली, कोणाच्या पट्टीचे टोक झिजलेले होते. मग हळूहळू असे ध्यानात येते की कितीही काळजी घेतली तरी थोडा फरक उरतोच. तो कोणाचा अपराध नव्हे, तो मोजण्याच्या क्रियेतच आहे. तथापि एखाद्या टोळीचे उत्तर ७१२ आले, तर तो मात्र या जातीचा फरक नव्हे. तेथे मोजणीत काही चुकले आहे आणि ते पुन्हा मोजले पाहिजे. स्वाभाविक घट-बढ कोणती आणि चूक कोणती, हा विवेक बारा वर्षांच्या मुलाला येणे ही लहान गोष्ट नाही. अनेक पदवीधरांनाही तो नसतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या एका धड्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक धड्यावर होतो. आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा वेगळा आला तरी चालतो, हे ज्या मुलाला एकदा कळले त्याला नक्कल करण्याचे कारण उरत नाही. शिस्तीच्या उपदेशाने जे साधत नाही ते येथे फळ्यावरच्या दहा आकड्यांनी साधते.

याच धाग्यातून 'संयोग और संभाविता' हा धडा निघतो. मधल्या वर्गांत संभाव्यता शिकवावी, ही कल्पना त्या काळी अनेकांना धाडसाची वाटली असणार. साहित्य काय, तर एक नाणे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवावे आणि छापा किती वेळा पडला ते लिहावे. प्रारंभी बहुतेक मुले सांगतात की पाच छापे आणि पाच काटे पडणार. प्रत्यक्षात बरोबर पाच छापे सुमारे एक-चतुर्थांश मुलांनाच मिळतात, म्हणजे चाळिसांत दहाएक जणांना. कोणाला तीन मिळतात, कोणाला सात. एखाद्याला एकच छापा मिळतो आणि सारा वर्ग त्याच्या नाण्याकडे संशयाने पाहू लागतो. आता सर्वांचे आकडे एकत्र करावेत. चारशे फेकींतील छाप्यांची बेरीज बहुधा १८० ते २२० यांच्या दरम्यान येते. एकट्याच्या दहा फेकींत जो स्वैरपणा दिसतो, तो चारशे फेकींत बराचसा निवळतो. हे सूत्राने सिद्ध करण्याचे वय अजून दूर आहे. पण डोळ्यांनी पाहण्याचे वय हेच आहे.

या कृतीला एक जोड देता येईल. निम्म्या वर्गाने खरोखर शंभर वेळा नाणे उडवून नोंद करावी. उरलेल्यांनी नाणे न उडविता मनानेच शंभर फेकींची नोंद रचावी. अध्यापकाने कोणती वही खरी आणि कोणती रचलेली, ते ओळखावयाचे. युक्ती सोपी आहे. खऱ्या शंभर फेकींत सलग पाच वेळा एकच बाजू पडणे हे जवळजवळ ठरलेलेच असते. मनाने रचणाऱ्याला मात्र सलग चौथा छापा लिहितानाच संकोच वाटू लागतो. युक्तीचे रहस्य शेवटी मुलांना अवश्य सांगावे. त्याशिवाय ती जादूच राहील.

साहित्याविषयी आता थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अध्यापकांचा पहिला आक्षेप नेहमी येथेच असतो. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, तर प्रयोग कशाने करावयाचे? कार्यक्रमाच्या वतीने प्रत्येक शाळेला साहित्याची पेटी मिळत असे आणि तिची पूर्तताही होत असे. परंतु ही पेटी जसजशी वापरली गेली तसतशी तिच्यातील शहरी वस्तूंची संख्या घटत गेली. फुलाचे विच्छेदन करण्यासाठी मूठ बसविलेल्या सुया लागतात, असे विज्ञानाची पुस्तके सांगतात. बाभळीच्या काट्याने तेच काम तितकेच नीट होते, ही गोष्ट या कार्यक्रमात वारंवार सांगितली जात असे. बाभूळ बांधावर असते. काटा फुकट मिळतो, मोडला तर दुसरा मिळतो, आणि मुख्य म्हणजे हरवला तर कोणाला जबाब द्यावा लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. ज्याने सरकारी शाळेत काही दिवस काढले आहेत त्याला डेडस्टॉक रजिस्टर काय असते ते सांगावयास नको. काचेचे भांडे फुटले तर त्याची नोंद, नोंद झाली तर विचारणा, विचारणा झाली तर वसुलीची भीती. परिणामी अनेक शाळांतील उपकरणे कपाटातच म्हातारी होतात. ज्या वस्तूला किंमतच नाही, ती मुलाच्या हातात देताना अध्यापकाचा हात थरथरत नाही. स्वस्त साहित्याचे खरे महत्त्व शासनाचा पैसा वाचण्यात जितके आहे त्याहून अधिक या निर्भयतेत आहे, असे माझे मत आहे.

काड्यापेटीतील काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब, म्हणजे दुकानदार जिला 'वालट्यूब' म्हणतात ती बारीक रबरी नळी, या दोन वस्तूंपासून तयार होणारे नमुने आज देशभर परिचित आहेत. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले आणि पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादला आले. तेथील आठवडी बाजारातील स्वस्त वस्तू पाहत असताना त्यांना ही जोडणी सुचली. पुढे त्यांनी वैज्ञानिक खेळण्यांनाच वाहून घेतले. पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान-केंद्रातही त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांचे काड्यांच्या नमुन्यांचे पुस्तक एकलव्यने १९८७ साली प्रसिद्ध केले.

कृती अशी. काड्यांची गुलाची टोके ब्लेडने प्रथम खरवडून काढावीत. हे काम अध्यापकाने स्वतः करावे. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी सरकवली की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन सांधे यांचा त्रिकोण करावा. चार काड्यांचा चौकोन करावा. आता दोन्ही आकृती एका कोपऱ्यावर दाबून पाहाव्यात. चौकोन लगेच कलतो, शेजारच्या बाजूला झोपतो. त्रिकोण हलत नाही. पंचकोन, षट्कोनही डळमळतात. चौकोनात एक कर्ण बसविला, तर तोही ताठ उभा राहतो, कारण आता तेथे दोन त्रिकोण झालेले असतात. एवढे झाले की मुलांना शाळेच्या छपराच्या कैचीकडे, रेल्वेच्या पुलाकडे, शेतातून गेलेल्या विजेच्या मनोऱ्याकडे पाहण्यास सांगावे. हे सारे त्रिकोणांनी का भरलेले आहे, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

याच्या पुढची पायरी घन आकृतींची. दोन काड्यांच्या सांध्याला मध्यभागी बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात टोक काढलेली तिसरी काडी खुपसली की तीन काड्यांचा सांधा होतो. असे चार सांधे आणि सहा काड्या यांतून चतुष्फलक तयार होतो. आठ सांधे आणि बारा काड्या यांतून घन होतो. पण तो उभा राहत नाही, कारण त्याची सर्व पृष्ठे चौकोनी आहेत. किती कर्ण घातले म्हणजे तो ताठ होईल, हा प्रश्न वर्गाला घालून अध्यापकाने खुशाल पाच मिनिटे गप्प बसावे. पाठ्यपुस्तकातील घनाच्या चित्रावरून कडा मोजताना मागच्या, न दिसणाऱ्या कडांपाशी गडबडणारी मुले हातातल्या घनाच्या बारा कडा कधी चुकत नाहीत.

सर्वच कृती इतक्या देखण्या नसतात. माशीच्या जीवनचक्राचा प्रयोग तर अनेक पालकांना किळसवाणा वाटेल. ताजे शेण दोन बाटल्यांत घ्यावे. एक उघडी ठेवावी, दुसरीचे तोंड लगेच पातळ कापडाने बांधावे. उघड्या बाटलीवर माश्या बसून गेल्यावर तिचेही तोंड बांधून ठेवावे आणि रोज पाहावे. उष्ण दिवसांत एका दिवसात अंड्यांतून अळ्या निघतात, आठवड्याभरात त्यांचे कोश होतात आणि सुमारे दहा-बारा दिवसांत माश्या बाहेर पडतात. दुसऱ्या बाटलीत काहीच होत नाही. घाणीतून किडे आपोआप निर्माण होतात ही समजूत इटलीतील फ्रान्सिस्को रेदी याने १६६८ साली मांसाच्या तुकड्यांवर असाच प्रयोग करून खोडून काढली होती. तीच समजूत आजही खेड्यात आणि शहरात ऐकू येते. ती मुलाच्या मनातून जाण्यास व्याख्यानापेक्षा ही दुर्गंधीयुक्त बाटली अधिक उपयोगी पडते.

आता अध्यापकाकडे वळू. अशा वर्गात त्याची जागा बदलते, आणि ही गोष्ट सुखाची नसते. वर्षानुवर्षे ज्याने फळ्यावर उत्तर लिहून दिले, त्याला आता मुलांच्या उत्तरांची वाट पाहावी लागते. आणि मुले असे काही विचारतात की ज्याचे उत्तर त्याला स्वतःलाच येत नाही. 'मला ठाऊक नाही, आपण पाहू' हे वाक्य आपल्या शिक्षणव्यवस्थेत उच्चारणे फार कठीण आहे. होशंगाबादमध्ये म्हणूनच अध्यापकांच्या प्रशिक्षणाला सर्वाधिक महत्त्व देण्यात आले होते. उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे तीन आठवड्यांची शिबिरे होत. तेथे व्याख्याने न ऐकता अध्यापक स्वतः टोळ्या करून तेच प्रयोग करीत, त्याच चुका करीत आणि त्याच गोष्टींवरून वाद घालीत. विद्यापीठांतून आलेले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर जमिनीवर बसत. वर्षभर दर महिन्याला एका ठिकाणी बैठक होई आणि कोणता प्रयोग वर्गात फसला, त्याची चर्चा होई. पुस्तकाची पुढची आवृत्ती तयार करताना या चर्चेचा उपयोग केला जाई. आपल्या देशात पाठ्यपुस्तके वरून खाली येतात; येथे ती काही अंशी खालून वर गेली.

मुलांच्या मनातील जे प्रश्न वर्गात सुटत नसत त्यांच्यासाठी 'सवालीराम' होता. हे एक कल्पित पात्र. मुलांनी सवालीरामला पत्र लिहावे आणि सवालीरामने त्या मुलाला उत्तर पाठवावे, अशी योजना होती. खेड्यातल्या मुलाच्या नावाने पोस्टमन पत्र घेऊन येतो, ही घटनाच त्या घरात केवढी मोठी असेल, याची कल्पना आज पत्रे न लिहिणाऱ्या पिढीला येणे जरा अवघड आहे.

परीक्षेचा प्रश्न सोडविल्याखेरीज हे सारे व्यर्थ ठरले असते. वर्षभर प्रयोग करावयाचे आणि वर्षाच्या शेवटी व्याख्या विचारावयाच्या, असे झाले की मुले आणि पालक दोघेही प्रयोगाकडे पाठ फिरवितात. आणि त्यात त्यांचा दोष नसतो. या कार्यक्रमात लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर नेण्याची मुभा होती. उघड्या पुस्तकात ज्याचे उत्तर सापडेल असा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नसल्याने प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही विचार करावा लागे : एखादा अपरिचित तक्ता देऊन त्यावरून निष्कर्ष काढावयास सांगणे, एखाद्या प्रयोगातील उणीव शोधावयास सांगणे, अशा धर्तीचे प्रश्न. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची वेगळी परीक्षा होई.

जुलै २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तोपर्यंत त्याला तीस वर्षे झाली होती आणि होशंगाबादबाहेरील अनेक जिल्ह्यांतील शाळांतही तो पोचला होता. विरोधकांचे म्हणणे असे होते की उरलेल्या राज्यातील मुले एक पुस्तक शिकतात आणि येथील मुले दुसरे. येथील मुलांना माहिती कमी मिळते आणि हायस्कूलमध्ये गेल्यावर ती मागे पडतात. या आक्षेपातील पहिला भाग निव्वळ प्रशासकीय सोयीचा आहे. दुसरा मात्र तितक्या सहजपणे झटकून टाकता येत नाही. नववीच्या वर्गात पुन्हा जुनीच पद्धत, जुनीच परीक्षा असेल, तर तीन वर्षे प्रश्न विचारावयास शिकलेल्या मुलाची तेथे अडचण होणारच. दोष मुलाचा की पुढच्या वर्गाचा, हे ठरविण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. देशातील अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी या निर्णयाचा निषेध केला. निर्णय बदलला नाही. कार्यक्रम गेला, तरी त्यातून तयार झालेली माणसे आणि पुस्तके राहिली. एकलव्यची 'चकमक' आणि 'संदर्भ' ही हिंदी नियतकालिके याच कामातून वाढली. 'शैक्षणिक संदर्भ' या नावाने त्यातील बरेचसे साहित्य पुण्याहून मराठीतही येऊ लागले.

मग ज्याच्या पाठीशी कोणताही कार्यक्रम नाही, पेटी नाही, मासिक बैठक नाही, अशा एकट्या अध्यापकाने काय करावे? पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात प्रयोग, नोंद आणि चर्चा ही तिन्ही बसत नाहीत; म्हणून मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून एकदा तरी जोडतास मागून घ्यावा. आवाज होईल, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रारंभासाठी पाने आणि मुळे यांच्या वर्गीकरणासारखी सोयीची कृती नाही. ती पावसाळ्यात, शक्यतो श्रावणात करावी. ओल्या जमिनीतून तण मुळांसकट अलगद उपटून येते, दिवाळीनंतर जमीन आवळली की मुळे अर्ध्यातच तुटतात. प्रत्येक टोळीने आठ-दहा प्रकारची लहान रोपे मुळांसह आणावीत. प्रथम नावे विचारू नयेत, फक्त गट पाडण्यास सांगावे. कोणी उंचीवरून पाडील, कोणी वासावरून, पाडू द्यावेत. त्यानंतर पाने उजेडासमोर धरून शिरा पाहाव्यात. काहींच्या शिरांचे जाळे असते, काहींच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात. मग मुळे पाहावीत. काहींना एक जाड सोटमूळ असते, काहींना सारख्या जाडीच्या तंतूंचा झुबका असतो. या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात शेजारीशेजारी लिहिल्या की मुलांच्याच तोंडून नियम बाहेर पडतो : जाळीदार शिरा तेथे सोटमूळ, समांतर शिरा तेथे तंतुमूळ. गवत, ज्वारी, मका, कांदा एका बाजूला. तुळस, मेथी, चवळी, आघाडा दुसऱ्या बाजूला. हा नियम कोणी सांगितलेला नसतो, त्यामुळे वर्गाला त्याचा मोठा अभिमान वाटतो.

आणि मग कोणीतरी मुलगी परसातून अळू घेऊन येते. पान उजेडासमोर धरले तर शिरांचे जाळे दिसते. कांदा उपटला तर खाली तंतूंचा झुबका. अळू एकदल वनस्पतींच्या वर्गातील आहे, पण त्याचे पान त्या वर्गाच्या रीतीला जुमानत नाही. या क्षणी अध्यापकाला दोन मार्ग असतात. हा अपवाद आहे, तो परीक्षेला येत नाही, असे म्हणून अळू बाजूला ठेवता येतो. किंवा तक्त्यात तिसरा रकाना आखून त्यात अळूचे नाव लिहिता येते आणि अशी आणखी झाडे कोणाला सापडतात का, ते उद्या पाहून येण्यास सांगता येते. तो रकाना काही आठवडे भिंतीवर तसाच राहू द्यावा. त्यात फार नावे पडणार नाहीत, पण ती शोधण्यासाठी मुलांना नियमात बसणारी कितीतरी पाने उलटून पाहावी लागतील.